एका हनुवटीपुरतं

गुरुवारी दुपारी तासभर ती कुणाशी बोलत नसे.

चुना एक भाग, काजळी तेवढीच, जवसाचं तेल मिळून येईल इतकं. मेंदी रंगून धुतली की तिच्यावर हा लेप द्यायचा. नारिंगी रंग बघता बघता काळपट हिरवा होतो. तळव्यावर तीन आठवडे राहतो. चेहऱ्यावर जेमतेम आठवडा.

ईदच्या सकाळी कबरस्तानाच्या फाटकाशी शुरेकची टोपली घेऊन उभं राहायचं. बडीशेपेचे छोटे गोड पाव. घेणारा विचारतो, कुणाच्या नावानं. नाव सांगायचं. तो त्या नावासाठी फातिहा म्हणतो आणि पाव पिशवीत टाकतो.

हमामात ती आमच्याबरोबर कधी आली नाही. वाफेनं चक्कर येते म्हणायची.

सत्तेचाळीस साली कॉलरा आला तेव्हा उरूस बंद झाले, वराती बंद झाल्या. नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मोहम्मद अली रस्त्यावर वाद्यांना खोळी चढल्या आणि दारादारांत कांदे टांगले गेले.

सोललेल्या अंड्यासारखी हनुवटी.

अंड्यापासून सांगते, कारण ते आज दुपारी पाहिलं. मस्र अल-गदीदातल्या, शहराच्या त्या श्रीमंत भागातल्या, एका इमारतीची लिफ्ट बंद होती. मेंदीचा डबा कडेवर घेऊन तीन मजले चढले आणि घंटी वाजवली. दार नवरीच्या आजीनं स्वतः उघडलं. लोक माझ्या डोळ्यांकडे नंतर बघतात, आधी हनुवटीकडे. साठीतल्या बाईच्या हनुवटीवर गोंदलेली हिरवी खजुराची झावळी, मधे उभी रेघ, दोन्हीकडे तीन तीन पाती. तिनंही तिथेच पाहिलं. पण इतरांची नजर तिथे जाते आणि निघते, तिची निघाली नाही. म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. चांगल्या घरातली, हाज करून आलेली, डोक्याला पांढरा रुमाल, अंगाला गुलाबपाण्याचा वास. तिचा उजवा हात दारावर होता. चार बोटं दारावर टेकलेली आणि करंगळी हवेत. ती करंगळी मिटत नव्हती. वाद्यांच्या पेटीचं झाकण पडून ती मोडली तेव्हा मी शेजारी होते, फडक्यानं मीच बांधली होती, वाकडी. मी करंगळीवरून वर पाहिलं, हनुवटीपर्यंत. तिथे काही नव्हतं. पुसट रेघ नाही, डाग नाही, चट्टा नाही. "वेळेवर आलात, उस्ता," ती म्हणाली. "बायका कधीच्या वाट बघतायत." आणि बाजूला होऊन तिनं मला आत घेतलं, जसं मेंदीवालीला घेतात तसं.

या बाईच्या नावानं मी त्रेचाळीस वर्षं पाव वाटले होते.

इन्साफ तिचं नाव. आता हाज्जा इन्साफ. मी दवलतच्या नाचाच्या ताफ्यात आले तेव्हा इन्साफ तिथे आधीपासून होती, कारण दवलत तिची सख्खी आत्या. माझं तिथे कुणी नव्हतं. आम्ही दोघी चौदाच्या, एकाच गादीवर झोपायचो, एकाच आरशात बघायचो. दवलत, आमची उस्ता, म्हणजे कसब शिकवणारी, दिवाणावर बसून काठीनं ताल धरायची आणि आम्ही कंबर शिकायचो. ताल चुकला की काठी पोटरीवर. इन्साफला लागली की मला हसू यायचं आणि मला लागली की तिला, आणि हसलं म्हणून पुन्हा काठी. दवलतचा ताफा त्या रस्त्यावर खुणेनं ओळखला जायचा. जी तिच्याकडे राहिली तिच्या हनुवटीवर झावळी. वरातीत पुढे नाचणाऱ्या पाचजणींच्या पाच झावळ्या दिसल्या की लोक म्हणायचे, दवलतच्या पोरी आल्या. खूण नसलेली पोर म्हणजे शिकाऊ. शिकाऊ पोरीला कुणीही पळवून न्यावं, कुठल्याही ताफ्यानं, कुठल्याही पुरुषानं. खूण झाली की ती घरची. हे मला इन्साफनंच सांगितलं, गादीवर, कानात. आणि म्हणाली, आपण दोघी एकाच दिवशी करून घेऊ, म्हणजे मरेपर्यंत कुणाला आपल्याला वेगळं करता येणार नाही. एकीला नेलं तर दुसरीलाही न्यावं लागेल. मी म्हणाले, दोन बायका करणारा बघू. तिनं उशी माझ्या तोंडावर दाबली.

सय्यदा झैनबच्या उरुसात बसणारी गोंदणारी दवलतनं घरी बोलावली. सात सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. दिव्यावर बशी धरून जमवलेली काजळी, आणि ती कालवायला अंगावर पाजणाऱ्या बाईचं दूध. दुधानं रंग हिरवा येतो आणि जखम पिकत नाही, असं म्हणतात. आधी मी बसले. गोंदणारीनं माझा खालचा ओठ अंगठ्यानं आत दाबून धरला आणि टोचायला लागली. हनुवटीला मांस नाही, सुई हाडावर वाजते. त्याचा आवाज कानानं येत नाही, दातांतून येतो. इन्साफनं माझे दोन्ही हात धरले होते. मी तिच्या मनगटात नखं रुतवली, तिनं ती काढली नाहीत. झालं तेव्हा ताप भरल्यासारखं वाटत होतं. दवलत म्हणाली, आत जाऊन पड, आता हिची पाळी. मी आत पडले. भिंतीपलीकडे काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, माझ्यापेक्षा धीराची आहे. संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन झोपली, हनुवटीला फडकं, जसं मला होतं तसंच. मी विचारलं, दुखतंय? ती म्हणाली, तुझ्याइतकंच.

दुखतंय म्हणाली नाही. तुझ्याइतकंच म्हणाली. हे मला आज, इमारतीच्या जिन्यात, उतरताना कळलं.

मग तीन वर्षं. त्या तीन वर्षांबद्दल मला बोलता येत नाही, कारण त्यांतलं काय खरं होतं ते आता परत तपासावं लागेल, एकेक दिवस उजेडात धरून. उशीच्या अभ्र्यावर एकदा हिरवट डाग पडला होता. ती म्हणाली, सुरम्याचा. हमाम. वाफेची चक्कर. आणि गुरुवार. गुरुवारी दुपारी ती आत्याच्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची. सय्यदा झैनबला नवस बोललेय म्हणाली, दर गुरुवारी तासभर मौन. कशासाठी बोललीस? तर म्हणे, सांगितलं तर फळत नाही. मी दाराबाहेर पायरीवर बसून राहायचे, आणि तेवढा तास मीही गप्प. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मला वाटायचं, तिचं अर्धं मौन मी धरतेय, तर अर्धं फळ मला.

कॉलऱ्याच्या वर्षी दवलत तिला गावाकडे घेऊन गेली, मनूफला, शहरातून बाहेर बरं म्हणून. मला वाद्यं सांभाळायला ठेवलं. महिन्याभरानं दवलत एकटी आली, काळ्या कपड्यांत. दारातच म्हणाली, "गेली गं. माझ्या मांडीवर." चाळीस दिवस आम्ही काळं नेसलो. कॉलऱ्याची माणसं चुन्यात पुरतात, कबर दाखवत नाहीत, म्हणून कबर कुठे ते मी विचारलं नाही. आमच्याच कबरस्तानाच्या फाटकाशी पाव वाटायला लागले. दवलत ते बघायची. टोपली उचलायला हात लावायची. एकदा तिनं स्वतःच्या हातानं शुरेक वळले, बडीशेप जास्त घातली, म्हणाली, इन्साफला जास्त आवडायची. तेव्हा मनूफला इन्साफ पहिल्या मुलाला अंगावर पाजत असेल.

शुक्री अब्दीनमधल्या औषधांच्या दुकानात कंपाउंडर होता. हे थोडक्यात सांगते. चांगला माणूस, हातांना नेहमी टिंक्चरचा वास. त्यानं आईला मला दाखवायला आणलं. मी हनुवटीवर रुमाल धरून चहा दिला, पण बशी द्यायला दोन हात लागतात. आईनं हनुवटी पाहिली आणि चहा तसाच ठेवून उठली. शुक्री म्हणाला, "माझ्या आजीला आहे गोंदण, पण ते वेगळं. हे कुणाच्या ताफ्याचं आहे ते सगळ्यांना कळतं." त्या रात्री चुन्याची निवळी लावून मी चिंधीनं घासलं. झावळीचं एक पात फाटलं, ते अजून तसंच आहे. दवलतनं माझे हात धरले. म्हणाली, "पोटची पोर परकी होते. तू माझ्या सुईची लेक आहेस, सुईची कधी परकी होत नाही." शेवटची अकरा वर्षं ती अंथरुणावर होती. मी भरवलं, मी धुतलं, तिच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. माझे गुडघे गेले तेव्हा तिनं पडल्या पडल्या मला मेंदीचं काम शिकवलं, आणि मेंदीवरचा काळा लेपही. चुना, काजळी, जवसाचं तेल. मी विचारलं, हे तुम्ही कुणावर करायचात? ती म्हणाली, "होती एक." तिच्या कबरीवर आमच्या ताफ्यातून उभी राहिलेली मी एकटीच.

स्वयंपाकघर. मेंदी पुन्हा घोटायला गरम पाणी हवं म्हणाले, तेव्हा तीच आली. दार लोटलं. पाणी नळातून मोठं सोडलं, आवाज व्हावा म्हणून.

"तू मेलीस," मी म्हणाले.

"हळू. व्याह्यांकडच्या बायका आहेत बाहेर."

"कॉलऱ्यानं. आत्याच्या मांडीवर."

"मांडीवर सांगितलं तिनं?" तिला हसू आलं, तेच, नाकातून. "ती कधी कुणाला मांडीवर घेणारी होती?"

"पाव वाटले मी तुझ्या नावानं. दर ईदला."

तिनं नळ आणखी सोडला. "तुला कळवायचं होतं गं. मग लग्न ठरलं. मग मुलं झाली. मग कळवण्यासारखं काय उरलं? सासरी सांगितलंय, वडील शाळेत मास्तर होते."

"तुझा बाप पखाली होता. पाणी सांडत यायचा."

"नझला."

माझं नाव तिनं घेतलं आणि मला ते नको होतं. मला तिचं घर, तिचा फ्रीज, तिच्या नातीचं लग्न, काहीच नको होतं. मोडायचंही नव्हतं. एका शब्दानं मोडलं असतं, बाहेर वीस बायका बसल्या होत्या. मला एकच गोष्ट हवी होती. सुई तिच्याही हाडावर वाजली होती की नाही. वाजली असेल तर बाकीचं सगळं मी गिळलं असतं. माणूस पळून जातं, खोटं मरतं, मुलं जन्माला घालतं, ते समजतं. पण दोघींना टोचलं असेल तर ती गादी खरी होती, ती तीन वर्षं खरी होती, पायरीवरचं माझं मौन खरं होतं.

"कधी काढलीस?" मी विचारलं. हनुवटीकडे बोट केलं नाही.

तिनं नळाची चावी उगाच इकडेतिकडे फिरवली. मग म्हणाली, "यांनी परदेशी नेलं होतं. व्हिएन्नाला. तिथल्या डॉक्टरनं कातडी खरवडून काढली."

"दुखलं?"

"खूप."

आणि मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते. चट्टा का नाही हे मी विचारलं नाही. परदेशातले डॉक्टर चट्टा ठेवत नसतील. मी पाण्यात बोट घालून पाहिलं, हवं तसं कोमट होतं. "चल, नवरी खोळंबलीय," मी म्हणाले, आणि गादीवर बोलायचे त्या आवाजात म्हणाले.

दिवाणखान्यात मुली नवरीच्या गुडघ्याला चिमटे काढत होत्या, जिचा चिमटा आधी तिचं लग्न आधी. नवरीचं नाव निहाल. "हळू गं, उद्या मला चालायचंय," ती म्हणत होती. कुणीतरी म्हणालं, "उद्या चालायचं काम वरातीचं, तुझं नाही." व्याह्यांकडची एक जाडी बाई हसून हसून पदराआड गेली. मी ताट मांडलं. मेंदीत मेणबत्त्या रोवल्या. निहालनं हात पुढे केला, मग मागे घेतला आणि माझ्या हनुवटीकडे वाकून पाहिलं.

"मावशी, हे खरं आहे?"

"हात लावून बघ. निघत नाही."

तिनं बोट लावलं. फाटक्या पातावर थांबली. "किती छान. आजी, तुझ्या हनुवटीवर काढू दे ना असंच. मोठ्यांनी आधी मेंदी घ्यायची असते."

"तळव्यावर घेईन मी," इन्साफ म्हणाली.

"तळव्यावर काय, सगळ्याच घेतात. माझ्यासाठी."

"घ्या हो हाज्जा," जाडी बाई म्हणाली. "दोन दिवसांत निघून जाईल. नातीची हौस पुरवायची नाही तर कधी?" मुलींनी टाळ्यांचा ताल धरला. ललकाऱ्या दिल्या. नाही म्हणायला तिला कारण सापडलं नाही. कारण सांगायचं तर तेच सांगावं लागलं असतं. ती माझ्यासमोर येऊन बसली. हे मी योजलं नव्हतं. मी काडीवर मेंदी घेतली आणि तिचा ओठ आत दाबायला अंगठा पुढे केला, गोंदणारी दाबते तसा.

माझ्या अंगठ्याची गरज पडली नाही. इन्साफनं मान मागे टाकली, डोळे मिटले, खालचा ओठ स्वतःच दातांखाली घेतला, इतका सहज की कातडी ढोलकीसारखी ताणली गेली. डाव्या हातानं तिनं मांडीवरचा हातरुमाल उचलला, चौकोनी घडी केली आणि जबड्याखाली धरला, ओघळ टिपायला. आणि ओठ दातांत घेण्याआधी मुलींना म्हणाली होती, "आता मला हसवू नका. बोलता यायचं नाही तासभर. हललं की तडकतं."

हे सुईनं येत नाही. सुईखाली माणूस एकदाच बसतं, आणि ते ओरडतं, हात शोधतं. हे दर आठवड्याला बसून येतं. गुरुवारी. आरशासमोर, आत्याच्या खोलीत, दार लावून. त्रेचाळीस वर्षांनंतरही तिच्या मानेला ते येत होतं. आणि बाहेर पायरीवर मी.

मी उभी रेघ ओढली. डावीकडे तीन पाती, उजवीकडे तीन पाती. फाटलेलं पातही पूर्ण काढलं. काढताना मला दवलतचा श्वास ऐकू येत होता, इतक्या जवळून की तिच्या तोंडाचा लवंगेचा वास यावा. तिनं भाचीला वाचवलं. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या कुणाला द्यायच्या, हे ठरवायला हवं होतं, पण एक शिवी दोघींना पुरत नव्हती. एका आत्यानं रक्ताच्या पोरीला परत जायचा रस्ता ठेवला. आणि परक्या पोरीनं रस्ता शोधू नये म्हणून तिच्याशेजारी तसाच चेहरा झोपवला. कळपातली दुसरी मेंढी शांत राहावी म्हणून पहिलीला दाखवतात तसा.

डब्यात, मेंदीखाली, काळ्या लेपाची डबी होती. मेंदी धुवून तो दिला असता तर उद्या वरातीत वाजवायला येणारा एखादा म्हातारा ती खूण ओळखून म्हणाला असता, दवलतची पोर. आठवडाभर ते घासून निघालं नसतं. मी डबी हातात घेतली. इन्साफनं डोळे उघडले. तिला बोलता येत नव्हतं.

"हे कुठे शिकलात, मावशी?" निहालनं विचारलं.

मग मी बोलले. इन्साफच्या तोंडासमोर, निहालचा तळवा हातात घेऊन, फुलं काढता काढता. म्हणाले, माझी एक मैत्रीण होती. आम्ही दोघींनी एकाच दिवशी खूण करून घेतली. तिनं माझे हात धरले होते. कॉलऱ्यात गेली, सतराव्या वर्षी. कबरही माहीत नाही. ईदला तिच्या नावानं पाव वाटते. मुलींचा ताल थांबला होता. जाडी बाई म्हणाली, "देवानं तिला जवळ घ्यावं." निहालच्या डोळ्यांत पाणी आलं, उद्या लग्न आहे म्हणून आलं असेल, नवऱ्यामुलींना येतंच.

"नाव काय तिचं?" तिनं विचारलं. "मीही वाटेन या ईदला."

इन्साफ माझ्याकडे बघत होती. ओठ दातांखाली तसाच. रुमाल जबड्याखाली तसाच.

"आता आठवत नाही," मी म्हणाले.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकाच्या कडेनं उतरलं आणि झावळीच्या डाव्या बाजूला लागलं. मेंदी ओली होती, पसरली. तिनं रुमालानं टिपायचं सोडून दिलं. "अगं आजी, पुसलं ना ते," निहाल म्हणाली, "मावशी, परत काढा." मी म्हणाले, एकदा पसरली की परत काढत नाहीत. डबी मी डब्यात ठेवली, झाकण लावलं. निहालचे दोन्ही हात भरले, दोन्ही पाय भरले. कुणीतरी चहा दिला तो मी दोन हातांनी घेतला आणि पूर्ण प्यायले. निघताना इन्साफ दारापर्यंत आली. तिच्या हनुवटीवर वाळलेलं काहीतरी होतं, झावळी म्हणता येणार नाही असं. अजून तास संपला नव्हता. ती बोलली नाही. मीही नाही.

दूध मी आणलं होतं. ऊद नावाचं तंतुवाद्य बनवणाऱ्याची बायको खालच्या मजल्यावर राहायची, महिनाभरापूर्वी बाळंत झालेली, आणि गोंदणारी यायच्या आधी, सकाळी, उस्ता दवलतनं वाटी देऊन मलाच तिच्याकडे पाठवलं होतं. म्हणाली, जास्त मागू नकोस, तिलाही बाळाला पुरवायचंय, एका हनुवटीपुरतं माग. मी खाली गेले आणि म्हणाले, एका हनुवटीपुरतं द्या.